मलप्रभेचा नकाशा, आठवडा तिसरा: कणकुंबीचं टिंब

कणकुंबीत उगम पावून कुडलसंगमाला कृष्णेत मिसळेपर्यंतची मलप्रभा मी ब्राउझरमध्ये वाहती करतोय. नदी झाली, सौंदत्तीजवळचं धरणही झालं. अडलं ते गावांच्या नावांवर.

रविवारी खानापूरहून आत्या आली होती. तिच्या फोनवर लावून दिलं. नकाशा सरकायला लागला तशी म्हणाली, "कणकुबी? हे कुठलं रे गाव?" बघतो तर अनुस्वार खरंच गायब. १३ पिक्सेलच्या अक्षरातलं ते टिंब, असून असून केवढं असणार! पार धुऊन निघालेलं. शिरोरेघेची तर राखाडी पट्टी झाली होती.

चूक माझीच. नावं नकाशाच्याच गटात ठेवून अख्खा गट स्केलनं तिप्पट करत होतो, वर विल-चेंज लावलेलं, म्हणजे 'हे पुढं बदलणार आहे' अशी ब्राउझरला आगाऊ सूचना. ते असलं की क्रोम त्या थराचं चित्र सुरुवातीच्या मापात रंगवून ठेवतं आणि पुढं तेच ताणत नेतं. फुग्यावर आधी नाव लिहावं आणि मग तो फुगवावा, तसं. आता नावांचा थर वेगळा काढलाय. नकाशा मोठा होतो, नावं आपल्या मापात राहतात. दर फ्रेमला नवी जागा काढून फक्त ट्रान्सलेट, म्हणजे नाव तिथं सरकवणं.

तरी धूसरच. जागा ४१.४ अशी अपूर्णांकात येत होती. आडवी रेघ पिक्सेलच्या दोन ओळींमध्ये पडली की तिचा रंग दोन्हीकडं वाटला जातो. एक्स, वाय दोन्ही पूर्णांकात आणले, तर नावं खडीच्या रस्त्यावरच्या टेंपोसारखी उड्या मारायला लागली. शेवटी फक्त उभी जागा पूर्णांकात आणली, आडवी तशीच सोडली. शिरोरेघ एका ओळीवर नीट बसली की काने-दांड्या जरा मऊ दिसल्या तरी वाचताना अडत नाही. मलप्रभा बरीचशी पूर्वेकडं जाते, म्हणजे हालचाल मुख्यतः आडवीच. हे आयतंच पथ्यावर पडलं.

एक सांगायचं राहिलं. माझ्या लॅपटॉपवर स्केलिंग १२५ टक्के आहे, तिथं सीएसएसचा (वेबपानाच्या मांडणीच्या भाषेचा) एक पिक्सेल पडद्यावर सव्वा होतो. म्हणून आकडा आधी डिव्हाइस पिक्सेल रेशोनं (म्हणजे या सव्वानं) गुणायचा, पूर्ण करायचा, मग परत भागायचा. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

नावं अक्षर-अक्षर उमटवायचीही हौस होती. पट्टदकलमधला 'ट्ट' मराठीत नीट एकत्र आला, कारण युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणाच्या, १५.१ आवृत्तीत (२०२३) देवनागरी जोडाक्षरं न तोडण्याचा नियम आला. कन्नड त्यात नव्हती. कन्नड नावातला खालचा ट सुटून शेजारी जाऊन बसला. आमच्याकडं नावं दोन्ही लिप्यांत हवीतच. हौस सोडली, आता अख्खं नाव हळूच उजळतं. तसंही ते टायपरायटरछाप उमटणं मला थिल्लरच वाटतं.

आत्याला परत दाखवलं. "हां, आता कणकुंबी. आणि आपलं असोगा कुठाय?"

ते खानापूरच्या नावाखाली झाकलं गेलंय. पुढच्या आठवड्यात तेच काढायचंय.