टाळ त्यांचा, पाय माझे

आमच्या घरात हरेगावला चालत जायचं ते ह्यांनी. मी मागून रविवारी सकाळच्या एसटीनं, डबा घेऊन. बावीस वर्षं असंच चाललं. दिंडीत हे पुढं, गळ्यात टाळ, आणि आवाज असा की मागच्या टेम्पोत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही शब्द न् शब्द ऐकू यावा. गेल्या ऑक्टोबरात त्यांचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याच्या खळगीत रुपयाएवढं भोक आहे. श्वास तिथूनच चालतो. बोलायचं असलं की नातवाची पाटी-पेन्सिल.

ऑगस्टच्या अखेरीला भजनी मंडळ आमच्या ओट्यावर बसलं. यंदा किती जण, टेम्पो कुणाचा, शिधा किती, असं सगळं ठरलं. पुढं कोण चालणार हे विचारायचा धीर कुणाला होईना. मग ह्यांनीच पाटीवर लिहिलं, "ही जाईल."

मला विचारलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात. तिथं मतमाउलीचं, म्हणजे येशूच्या आईचं, पवित्र मरियेचं ठिकाण आहे. मुंबईच्या लोकांना वांद्र्याच्या टेकडीवरची मोतमाउली माहीत असते, तशी आम्हा नगरकडच्यांना ही. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, त्याला धरून यात्रा भरते. पंच्याहत्तर वर्षं उलटून गेली तिला. एके काळी हरेगाव म्हणजे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, गोऱ्या साहेबांचा. ऊस तोडायला, मळ्यावर राबायला आलेली आमची माणसं तिथल्याच वाड्यांवर राहिली. पुढं मळ्याची जमीन शेती महामंडळाकडं गेली, कारखानाही बंद पडला. आता तिकडं माणूस जातो तो माउलीसाठी.

माझं स्वतःचं गणित थोडं वेगळं. माझं माहेर प्रॉटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. आमच्यात मरियेला नवस बोलत नाहीत. जे काही मागायचं ते थेट प्रभूकडं, मधे कुणी नको. लग्न होऊन कॅथलिक घरात आले तेव्हा आजीनं एवढंच बजावलं होतं, "हात जोड, पण मागू नकोस." आजी जात्यावर बसली की नारायण वामन टिळकांची गीतं म्हणायची. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. पुढं ते आमच्या राहुरीला राहिले. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे. त्यामुळं ख्रिस्ती भजनाला टाळ-मृदंग कशाला, असं कुणी विचारलं की आजीला त्या माणसाची कीव यायची.

तर असा सगळा गुंता डोक्यात घेऊन शुक्रवारी पहाटे नेवाशातून निघाले. साठेक माणसं. पुढं लाकडी क्रूस, त्यामागं निळ्या-पांढऱ्या पताका, मग आम्ही बाया, आणि शेवटी टेम्पो. त्यात झेंडूच्या माळांनी सजवलेली माउलीची मूर्ती, पाण्याचा ड्रम, सतरंज्या आणि न चालू शकणारी चार-पाच म्हातारी माणसं.

नेवासा म्हणजे ज्ञानोबा माउलींचं गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, इथंच पैसाच्या खांबाला टेकून त्यांनी गीता मराठीत सांगितली. एका माउलीच्या गावातून निघून दुसऱ्या माउलीच्या गावाला जायचं, यात आमच्याकडं कुणाला काही नवल वाटत नाही. मलाही आजवर वाटलं नव्हतं, कारण मी एसटीत डुलक्या घेत जायची.

त्यांचा टाळ त्यांच्याच गमछ्यात गुंडाळून पिशवीत ठेवला होता. उजाडल्यावर भजन सुरू झालं, तसा एकानं हाक मारली, "वहिनी, टाळ काढा की." काढला. गळ्यात घातला. दोरी त्यांच्या मापाची, टाळ माझ्या पोटावर आपटायला लागला. दोन गाठी मारून दोरी आखूड केली, तरी हात काही बसेना. वाजवायचा तिथं थांबायचे आणि थांबायचं तिथं वाजवायचे.

गायचा तर प्रश्नच नव्हता. गीत स्तुतीचं होतं, लहानपणापासून पाठ असलेलं, पण तोंड उघडेना.

खरं सांगायचं तर मला देवाचा राग आला होता. आवाजानं ज्यानं त्याची चाकरी केली त्याचाच आवाज न्यावा? ह्यांचा आवाज बसला तेव्हा आम्ही सगळे हसण्यावारी नेत होतो. नोव्हेनाच्या प्रार्थनेचे नऊ दिवस गायलेत, बसणारच घसा. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. यात चार महिने गेले. नंतर डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर घसा तपासूनच घ्यायचा असतो, त्यातही तंबाखू खाणाऱ्यानं. हे मी इथं मुद्दाम लिहितेय. गाणाऱ्या माणसाच्या घरात घोगरा आवाज कुणी मनावर घेत नाही.

मग ऑपरेशन, त्यानंतर किरणांचे तीस शेक, दोन गाई विकल्या, एका हंगामाचा कांदा सडला. आणि भेटायला येणारी माणसं. "देव परीक्षा बघतो." "ज्याला सोसवतं त्यालाच देतो." ऑपरेशनआधी एका प्रार्थनासभेत तर एकानं ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की विश्वास पुरा असेल तर सुरीची गरज नाही. मी ह्यांना हाताला धरून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर ते हसले. तेव्हा थोडा आवाज शिल्लक होता. म्हणाले, "अगं, विश्वास पुरा असता तर मी कशाला रोज प्रार्थना केली असती?"

दुपारी ऊन तापलं. भाद्रपदातलं ऊन, पावसानं उघडीप दिली की अंगावरच येतं. दोन्ही बाजूंना ऊस आणि सोयाबीन, रस्त्याकडेचा काळा चिखल वाळून टोचायला लागलेला. मी चपला नव्या घेतल्या होत्या. शहाण्या माणसानं चालायला नव्या चपला घेऊ नयेत. तीनला डाव्या टाचेवर फोड आला, चारला उजव्या. एका मावशीनं बाभळीच्या सावलीत बसवून सुई-दोरा फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपून जायला. बाई देवमाणूस, पण हात म्हणजे गोणपाट शिवावं तसा.

तिथंच तुळशीची माळ घातलेले एक आजोबा सायकल थांबवून उभे राहिले. क्रूसाला हात जोडले, मग रीतीप्रमाणं पुढच्याच्या पायाला हात लावला. म्हणाले, "आमची आषाढीला झाली. तुमची बरी, ऊन असलं तरी चिखल कमी." मग कांद्याला नेवाशात काय भाव निघाला ते विचारलं, भाव ऐकून कपाळाला हात लावला आणि निघून गेले.

रात्रीचा मुक्काम टाकळीभानच्या शिवारात, एका शाळेच्या पडवीत. गावातल्या लोकांनी पिठलं-भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. जेवणं झाल्यावर आमच्याबरोबर चालणाऱ्या तरुण फादरांनी टॉर्चच्या उजेडात शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. आधी सांगितलं की स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमला सणासाठी चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानतात, म्हणजे ती त्यांची वारीची गाणीच. सगळ्यांना वाटलं आता त्यातलंच एखादं वाचतील, डोंगराकडं डोळे लावायचं वगैरे. त्यांनी ८८वं काढलं.

ते स्तोत्र मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो. माझा जीव दुःखानं भरलाय म्हणतो, तू मला खड्ड्यात टाकलंस म्हणतो, तोंड का लपवतोस म्हणून विचारतो. बाकीच्या रडगाण्यांच्या शेवटी बहुधा कुठं तरी वळण येतं, माणूस डोळे पुसतो, देवाचे उपकार मानतो. मी त्या वळणाची वाट बघत होते. ते आलंच नाही. शेवटी सोबतीचं माणूसही गेलेलं आणि अंधार. फादरांनी पुस्तक मिटलं.

"पुढं?" कुणी तरी विचारलं.

"पुढं काही नाही. एवढंच आहे."

एक म्हातारी अंधारातून वैतागून बोलली, "असलं कशाला वाचता फादर, निजायच्या टायमाला?"

सगळे हसले. फादरही हसले, समजावून मात्र काहीच सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. सतरंजीवर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की हे असलं, देवाशी भांडून अर्ध्यावर तुटलेलं गाणंही कुणी तरी स्तुतीच्या पोथीत घातलं. काढून नाही टाकलं. देवळात म्हणायला ठेवलं.

आजीचं आवडतं होतं ते हबक्कूक संदेष्ट्याचं. तीनच अध्यायांचं चिमुकलं पुस्तक. त्याच्या शेवटी आहे की अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. १९७२च्या दुष्काळात आजी रोजगार हमीसारख्या त्या सरकारी कामावर खडी फोडायला जायची, मिळेल ती सुकडी आणायची आणि रात्री हेच म्हणायची. त्यातला 'तरी' हा शब्द ती जात्याच्या खुंट्यासारखा घट्ट धरायची. मला तो धरता येत नव्हता. ऑक्टोबरपासून मी 'नाही, नाही, नाही' इथपर्यंतच येऊन थांबायची.

शनिवारी पहाटे निघालो तेव्हा पाय पेटले होते. अंधार होता, पुढच्या क्रूसाला बांधलेला छोटा दिवा तेवढा हलताना दिसायचा. भजन लागलं. मी गात नव्हते, फक्त टाळ. मग चालता चालता लक्षात आलं की टाचेला कळ आली की मी टाळ मारतेय. डावा पाय, कळ, टाळ. उजवा पाय, कळ, टाळ. मृदंगवाल्यानं मागं वळून एकदा पाहिलं आणि आपला ठेका माझ्या लंगडण्याशी जुळवून घेतला. बोलला काही नाही. सगळी दिंडी तेवढ्यापुरती सावकाश झाली.

स्तुती मनातून उमलते असं आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. माझी टाचेतून आली, आणि तीही ठेका सोडून.

हरेगावच्या फाट्याला वळलो तशी गर्दी वाढली. कुठून कुठून दिंड्या येत होत्या, ट्रॅक्टर, जीपगाड्या, मोटरसायकलवर चौघं-चौघं. मेणबत्त्या, नारळ, हार, पाळणे, फुगे, भेळ. नवस फेडणाऱ्यांत निम्मे तरी आमच्या धर्मातले नसावेत. साड्या आणि कपाळावरचं कुंकू सांगत होतं. संध्याकाळी रांगेतून माउलीसमोर पोचले तेव्हा आजीचं बोलणं आठवलं. हात जोडले. मागितलं काही नाही. खरं तर काय मागायचं ते सुचलं नाही. आवाज परत दे म्हणावं तर स्वरयंत्र बरणीत घालून तपासायला गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं. तिनंही आपलं माणूस क्रूसावर बघितलं होतं, आणि तिथं ती काही बोलल्याचं शास्त्रात लिहिलेलं नाही. नुसती उभी होती. मीही उभी राहिले, मागच्यांनी ढकलेपर्यंत.

रविवारी सकाळी हे आले, मुलाबरोबर. गळ्यावर जाळीचा पांढरा रुमाल, धुळीला आडोसा म्हणून. ऑपरेशनपासून त्यांना वासही नीट येत नाही, कारण श्वास नाकातून जातच नाही. मिस्सेच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, वेळी उदाचा धूर आमच्यावरून गेला तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी म्हटलं, "हो, येतोय वास, नेहमीसारखा." त्यांनी मान हलवली.

मिस्सा झाल्यावर आमचं मंडळ मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसलं आणि निघायच्या आधीचं शेवटचं भजन धरलं. हे लांब चहाच्या टपरीजवळ उभे होते. मी टाळ वाजवत होते आणि मधल्या एका कडव्याला माझ्या तोंडून दोन ओळी गेल्याही, बेसूर. वर बघते तर हे गर्दीतून वाट काढत येताहेत, कपाळाला आठ्या. समोर बसले. पिशवीतून पाटी काढली.

"ठेका ओढतोय. कोण वाजवतंय?"

मी टाळ वर करून दाखवला.

त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि लिहिलं, "वाटलंच."