तुम्ही विचारलंत म्हणून: फायनान्सच्या इंटर्नशिपमध्ये नक्की काय करायला देतात?

बीकॉम झाल्यावर मी पुण्यात एका कर्ज देणाऱ्या कंपनीत सहा महिने इंटर्नशिप केली, क्रेडिट डिपार्टमेंटला, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही ते जिथे तपासतात तिथे. तेव्हापासून बार्शीला घरी गेले की कुणी ना कुणी विचारतंच, कॉलेजची ज्युनिअर पोरं तर मेसेज करून विचारतात, की ताई तिथे नक्की काय करायला देतात, नुसतं एक्सेल भरायला लावतात का, आणि तेच सहा महिने बँकेच्या परीक्षेचा अभ्यास केला असता तर बरं झालं नसतं का. दरवेळी घाईत काहीतरी सांगते आणि उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज नीट लिहिते.

तर हो, एक्सेल भरायला लावतात. पहिले दोन महिने मी तेच केलं. कर्ज मागणाऱ्याच्या तीन वर्षांच्या बॅलन्स शीट, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न, सिबिल रिपोर्ट (आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद), सगळं घ्यायचं आणि कंपनीच्या फॉरमॅटमध्ये बसवायचं, त्याला तिथे स्प्रेडिंग म्हणतात. शेअर मार्केटचा काडीचा संबंध नाही. स्टायपेंड १२ हजार, त्यातले साडेसहा कॉटबेसिसला गेले, तीन मेसला, राहिलेल्यात बस आणि मोबाईल, म्हणजे घरून पैसे मागवावेच लागले. हे मी लपवत नाही, कारण ज्यांना घरून मिळणं शक्य नाही त्यांनी हा हिशोब आधी घालायला पाहिजे आणि मगच हो म्हणायला पाहिजे.

पण फायदा काय झाला विचाराल तर मी एक फाईल सांगते. (माणसाची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत.)

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन करणारे एक काका होते, मोठ्या कंपनीला पत्र्याचे पार्ट्स पुरवायचे. त्यांना बेंडिंग मशीनसाठी २५ लाख पाहिजे होते. मी फाईल भरली, वर्षाची विक्री १ कोटी ८४ लाख, गिऱ्हाईकाकडून येणं बाकी ६१ लाख. डेटर डेज (येणं बाकी भागिले विक्री, गुणिले ३६५) काढले तर १२१ आले, म्हणजे माल दिल्यावर पैसे हातात यायला चार महिने. वर त्यांचं २० लाखांचं सीसी खातं, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायचे आणि भरायचे असं कॅश क्रेडिटचं कर्जखातं, दर महिन्याला १९-२० तारखेला लिमिटला जाऊन टेकायचं आणि पुढच्या आठवड्यात थोडं खाली यायचं. मी शेरा लिहिला, वसुली कमकुवत, खातं ताणलेलं. आणि आमच्या डिपार्टमेंटच्या सरांकडे गेले.

सरांनी फाईल बघितली आणि एकच विचारलं, येणं बाकीत जीएसटी धरलाय का? धरलेला होता, कारण गिऱ्हाईकाकडून बिलाची पूर्ण रक्कम येणं असते, १८ टक्के टॅक्ससकट. आणि विक्रीत? विक्री बिनटॅक्सची. म्हणजे मी वेगवेगळ्या मापानं मोजलेल्या दोन गोष्टींचा भागाकार करत होते. विक्रीत टॅक्स मिळवून परत काढलं तर १०३ दिवस आले. मला खरंच वाईट वाटलं, कारण कॉलेजात हा रेशो मी पाच मार्कांना पाठ केलेला आणि कुणी एकदाही हे सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, आता शेडवर जाऊन ये, तारखेचं उत्तर तिथे मिळेल.

ह्या भेटीला पीडी म्हणतात, पर्सनल डिस्कशन. मी एका सीनिअर दादांबरोबर गेले. शेडमध्ये वेल्डिंगचा वास, एका कोपऱ्यात देवीचा फोटो, टेबलावर लाल कापडी बांधणीची वही. मी वीजबिलं मागितली, बारा महिन्यांची, कारण बॅलन्स शीट वर्षातून एकदा बनते पण मीटर रोज फिरतो. युनिट वाढत गेलेले दिसले आणि जीएसटीतली विक्रीही त्याच महिन्यांत वाढलेली, म्हणजे काम खरं होतं. मग मी २० तारखेचं विचारलं. काका म्हणाले, "ताई, बिल फाडलं की त्यातला टॅक्स पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सरकारला भरावा लागतो. कच्च्या मालावरचा टॅक्स वजा होतो, पण उरलेला खिशातनं. कंपनीचा चेक येतो तीन महिन्यांनी. मधलं कोण देणार, हे सीसीच देतंय की."

वहीत त्यांनी प्रत्येक बिलापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, फोन केला, साहेब रजेवर, फोन केला, पुढच्या आठवड्यात. आमच्या घरी खताचं दुकान आहे, पप्पांची उधारीची वही मी लहानपणापासून बघितलीय, सोयाबीन विकलं की देतो म्हणणारी माणसं ओळखीची आहेत, पण एवढी मोठी कंपनीसुद्धा एका छोट्या शेडवाल्याला तसंच थांबवते हे मला तिथे कळलं. एमएसएमईच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचं बंधन आहे, आणि २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून उशीर केलेली रक्कम पैसे देणाऱ्या कंपनीला आयकरात खर्च म्हणून लगेच वजा घेता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा मिळते. काकांना हे माहीत होतं. पण ८० टक्के काम त्या एकाच कंपनीचं, तक्रार कशी करणार, असं ते म्हणाले. मला अजून तो विचार सोडत नाही.

परत येऊन मी शेरा खोडला. वसुली कमकुवत नव्हती, गिऱ्हाईक जवळजवळ एकच होतं, आणि ह्या दोन गोष्टींत खूप फरक आहे. पण म्हणून २५ लाख द्यावेत असंही नाही. महिन्याचा हप्ता साधारण ५८ हजार बसत होता आणि डीएससीआर, म्हणजे वर्षभरात हाताशी राहणारा पैसा भागिले कर्जाचं देणं, १.०५ येत होतं. एक चेक लांबला की घरावर आलं असतं. १८ लाखांना हप्ता ४२ हजारांच्या आसपास आणि रेशो १.३४. सरांनी तसंच मांडलं, काका आधी नाराज झाले, मग सेकंडहँड मशीन बघितली त्यांनी.

बँकेच्या परीक्षेचं म्हणाल तर ती जरूर द्या, माझी मैत्रीण क्लार्क झाली आणि तिचं छान चाललंय. इंटर्नशिपला जाणार असाल तर मात्र जिथे फाईल भरण्याबरोबर पीडीला पण नेतात तिथेच जा, आणि हे मुलाखतीतच विचारून घ्या. नुसतं स्प्रेडिंग दोन महिन्यांत शिकून होतं, बाकीचे चार महिने वाया जातील.

माझ्या शेवटच्या आठवड्यात काकांचा पहिला हप्ता होता, ५ तारखेला. सकाळी आल्या आल्या सिस्टिम उघडली, क्लिअर झालेला होता. सरांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "छान. अजून एकोणसाठ आहेत."