पॅच शाबूत, बीम गेला

देवबागेत एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. इथल्या घराला भेग पडली की 'खारी हवा' हे निदान शेंबडं पोरही करतं. या घराचे मालक शिवाय आधी पॅच मारून गेलेल्या ठेकेदाराच्या नावाने खडे फोडत होते.

पडवीच्या बीमला खालून, सळईच्या रेषेत सरळ भेग, तांबूस ओघळ. हातोडी मारत गेलो. जुन्या पॅचवर खणखणीत आवाज, दोन्ही अंगांना बद्द. फोडलं तर पॅचमधली सळई स्वच्छ, आणि शेजारच्या सोळा मिलिमीटरच्या सळईचे पोपडे नखाने निघत होते. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, जेमतेम १५ मिलिमीटर. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, किनाऱ्यावर ४५ मागतं. पण आपल्याकडे सळई उचलून धरायला कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला की झालं.

ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीन मारलं; काँक्रीटची अल्कता शाबूत असेल तिथे ते गुलाबी होतं. सळईपर्यंत गुलाबी. म्हणजे कार्बोनेशन, हवेतल्या कार्बन डायऑक्साईडने ती अल्कता जाणं, तिथवर पोचलंच नव्हतं. तरी सळईला खड्डे! क्लोराईडच, म्हणजे मीठ. वेगवेगळ्या खोलीवरचा भुगा लॅबला पाठवला. मीठ हवेतून शिरलं असतं तर आत कमी कमी होत जातं. इथे आतही तेवढंच. काँक्रीटमध्ये शिंपल्यांचे तुकडे होतेच. खाडीची रेती, न धुता वापरलेली.

ठेकेदाराचं काम उलट चोख होतं. गंजणारा तुकडा स्वतः झिजून शेजारच्या सळईला वाचवत असतो, पत्र्यावरच्या जस्तासारखा. तेवढाच तुकडा दुरुस्त केला की गंजायची पाळी शेजाऱ्यावर. खारट काँक्रीटमध्ये नुसता पॅच म्हणजे दुखणं हातभर पुढे सरकवणं. हे कोटेशनमध्ये लिहिलं तर काम दुसऱ्याला जातं.

टेकू लावून अख्खा बीम नव्याने ओतायचं ठरलं. काकूंची एकच अट, "काय ता करा, पण गणपतीच्या आधी करा."

पण आतल्या खोल्यांचे स्लॅबही त्याच रेतीचे. भेग नाही, आवाज चांगला. "मग कशाला उकरायचं?" मालक म्हणाले, आणि याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. हाफ-सेलने, म्हणजे सळईचं विद्युत विभव मोजून, गंज सुरू झालाय का याचा अंदाज येतो, पण त्यासाठी स्लॅब एका जागी फोडून सळई उघडी करावी लागते. आणि आत रंगारी शेवटचा हात मारत होता.