अडीच किलोमीटरची लिंक : माझा अनुभव

आमच्या गटग्रामपंचायतीत तीन गावं. फायबर आलं ते मोठ्या गावातल्या पंचायतीच्या इमारतीपर्यंत. आरोग्य उपकेंद्र नाल्यापलीकडच्या गावात, सरळ रेषेत अडीच किलोमीटरवर. तिथून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरी सल्ल्याच्या सेवेवर, डॉक्टरांशी नीट बोलता यावं, एवढंच काम होतं. मोबाइलच्या नेटवर चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. म्हणून ५.८ गिगाहर्ट्झच्या रेडिओच्या दोन डिश समोरासमोर लावून पंचायत आणि उपकेंद्र बिनतारी जोडलं.

जो तो आधी स्पीड विचारतो. अशा कॉलला दोन्ही बाजूंनी दीड-दोन एमबीपीएस पुरतं. मी तपासतो ते वेगळंच : डेटा पाहिजे तिथेच पोचतो का, जसाच्या तसा पोचतो का, वेळेत पोचतो का आणि सारख्या अंतराने पोचतो का. सारखेपणा बिघडला की त्याला जिटर म्हणतात. आवाजासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर ३० च्या आत आणि गळती, म्हणजे वाटेत हरवणारा डेटा, १ टक्क्याच्या आत पाहिजे. स्पीड टेस्टचा मोठा आकडा यातलं फारसं काही सांगत नाही.

पहिलं काम जागेची पाहणी. एप्रिलात गच्चीवरून समोरची इमारत स्वच्छ दिसते, कारण सागाची पानं झडलेली असतात. पावसाळ्यात तोच साग हातभर लांबीच्या, ओल्या पानांनी भरतो आणि सिग्नल पितो. त्यामुळे झाड पानांनी भरलेलं आहे असं धरूनच उंची ठरवा. नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही. रेडिओ लहरींना रेषेभोवती फुगीर जागा लागते. अडीच किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर तिची त्रिज्या साधारण ५.७ मीटर भरते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे ३.४ मीटर मोकळी पाहिजे. मधल्या तुरीच्या वावरांची अडचण नाही, नाल्याकाठच्या झाडांची आहे. पंचायतीच्या स्लॅबवर २० फुटी जीआय पाइप त्यासाठीच उभा केला, तिन्ही बाजूंनी तारेचे ताण देऊन.

उपकेंद्राकडे पाइप अंगणात गाडायचा मोह होतो. काळ्या मातीत तो करू नका. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाइप दोन-चार अंश कलतो. २३ डीबीआयच्या (डिश ताकद एका दिशेला किती एकवटते त्याचं माप) डिशचा झोत जेमतेम दहा अंशांचा, त्यात एवढा कल महागात पडतो. भिंतीला वर-खाली दोन क्लॅम्प मारून पाइप बसवा. गाडायचाच असेल तर मुरूम लागेपर्यंत खोल जा.

डिश जुळवण्याआधी सिग्नल किती यायला हवा, हे कागदावर काढा. ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात डिशसकट एकूण ताकद ३६ डीबीएमच्या (रेडिओच्या ताकदीचं माप) वर जाता कामा नये. डिश २३ ची, म्हणून रेडिओची पॉवर १३ ठेवली. एवढ्या अंतरात हवेतली घट सुमारे ११६ डीबी. ३६ मध्ये पलीकडच्या डिशचे २३ मिळवले, ११६ वजा केले : उणे ५७ डीबीएम. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. प्रत्यक्षात उणे ६० आलं तरी ठीक.

हा आकडा हाताशी नसेल तर फसगत ठरलेली. आमची लिंक पहिल्यांदा उणे ७४ वर जोडली गेली, इंटरनेटही चाललं. पण हिशोबापेक्षा १७ डीबी कमी म्हणजे डिश मुख्य झोतावर नाही, बाजूच्या छोट्या झोतावर अडकलेली. डावीकडून उजवीकडे इंच-इंच फिरवत जा. आकडा सुधारतो, बिघडतो, पुन्हा सुधारतो. त्यातलं सगळ्यात मोठं शिखर धरायचं. मग वर-खाली तसंच. एका टोकाला हलवताना दुसऱ्या टोकाला कोणी हात लावायचा नाही, फोनवर फक्त आकडा सांगायचा. उणे ५९ ला बोल्ट आवळले. आवळतानाही डिश सरकते, म्हणून नंतर पुन्हा वाचा. चॅनल २० मेगाहर्ट्झचाच ठेवला. ४० चा केला की स्पीड वाढतो, पण गोंगाटही ३ डीबीने जास्त आत येतो.

आता केबल. माझ्या मते अर्ध्याअधिक तक्रारी इथल्या. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, रंगांचा क्रम : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी ३ आणि ६ वर जाते, शेजारी-शेजारी नाही. पुष्कळ जण चारही जोड्या ओळीने घालतात, दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टरचे आठही दिवे लागतात, कारण टेस्टर फक्त तार तुटली आहे का ते बघतो. पण ३ आणि ६ च्या तारा एकमेकींना पिळलेल्या नसल्याने गोंगाट शिरतो. फ्रेमची, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याची, तपासणीची बेरीज जुळत नाही, यंत्र ती फेकून देतं, टीसीपी हा डेटा पोचवण्याचा नियम तीच पुन्हा मागवतो. वापरणाऱ्याला चूक दिसतच नाही, फक्त "नेट स्लो आहे" एवढंच दिसतं. व्हिडिओ कॉलमध्ये परत मागवायला वेळ नसतो, तिथे थेट आवाज तुटतो.

तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि पीओईची, म्हणजे नेटच्या केबलमधूनच रेडिओला दिलेली, वीज त्याच तारेतून जाते; लांब केबलवर रेडिओ मधूनच रिबूट होतो. बाहेरची केबल काळ्या आवरणाची, पूर्ण तांब्याची घ्या. गच्चीवर ती पीव्हीसी पाइपातून न्या, नाहीतर वानरं ओढतात. भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळेल.

अर्थिंगचा खड्डा कोळसा-मिठाचा. उन्हाळ्यात माती सुकली की तो नावापुरता उरतो, आठवड्यातून बादलीभर पाणी घालावं लागतं.

विजेचा हिशोब दोन्ही टोकांचा करा. पंचायतीत ओएनटी (फायबर जिथे येऊन संपतं ती पेटी), राउटर, रेडिओ मिळून साधारण २४ वॅट. १२ व्होल्ट ४० एएचची बॅटरी निम्मीच वापरायची धरली तर दहा तास. आणि ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत असते, म्हणून ही लाइन मेनच्या आधीच वेगळी काढून घेतली. नाहीतर उपकेंद्राचं नेट रोज संध्याकाळी सहाला जातं आणि दोष डिशला मिळतो.

चाचणी टप्प्याटप्प्याने. आधी रेडिओ ते रेडिओ, मग राउटर, मग बाहेर. पिंग, म्हणजे पाठवून परत येणारे चाचणीचे संदेश, १४०० बाइटचे आणि निदान ५०० वेळा. छोटे पिंग खराब केबलवरूनही सुखरूप जातात. आमच्याकडे सगळे पोचले, तरी दुपारी कॉल अडकायचा. पंचायतीच्या संगणकावरून स्कॅन केलेल्या फायली अपलोड होत होत्या. राउटरमध्ये रांग लागून ३० मिलिसेकंदांत परत येणारा पिंग ६०० च्या वर जायचा. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा मिळणाऱ्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर बांधली आणि उपकेंद्राला पहिला मान दिला. पिंग ४० च्या आसपास आला.

दोन्ही टोकांच्या पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवला आहे : तारीख, सिग्नल, गळती. पहिली ओळ उणे ५९. जुलैत झाडं भरली तेव्हा उणे ६२. उणे ७० दिसलं की आधी फांद्या बघायच्या, मग पाइपला ओळंबा लावायचा, आणि त्यानंतरच राउटर उघडायचा.