सव्वा मूठ कोणाच्या नावाची?

"मनी मूठ कोठे शे?" (माझी मूठ कुठे आहे?) कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढताना नववीतल्या पोरीने आजीला विचारलं. आजीचा हात परातीवरच थांबला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते. त्याआधी कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात, सोबत हरभऱ्याची डाळ (घराघराची रीत थोडी वेगळी). सुरतेला गेलेला, वर्षभर अबोला धरलेला भाऊही त्यात मोजला जातो. भांडण असलं तरी मूठ चुकत नाही. शिवाय रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नाही, म्हणजे संपवायला सगळ्यांनी एकत्र बसायलाच हवं. धर्माने माणसं बांधायची ती अशी, आणि हे मला मनापासून पटतं.

पण दळण, पुरणपोळ्या, रात्रभर जागून गाणी, सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन नदीपर्यंत जाणं, हे बहुतेक सगळं बायका करतात. देवीसुद्धा बाईच. आणि मोजणीत मात्र त्यांचं नाव नाही.

पोरीची एक मूठ वाढली म्हणून कानबाई कोपेल, हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या घरी कोणी मुलींच्या नावाने मूठ काढायला सुरुवात केली आहे का?