कॅप्टन कोहलींची फ्रेम: निम्मी पानं लागली

मंडळी, १९६५च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्यावरची वन-फ्रेम, म्हणजे प्रदर्शनात एकाच चौकटीत मांडायचा तिकिटांचा संग्रह, आता आकार घेऊ लागली आहे. सोळा पानांपैकी निम्मी लागली, उरलेल्यांवर अजून डोकं खाजवतोय. ज्या तिकिटापायी हा विषय घेतला त्यावर कोहलींचा चेहराच नाही, त्यामुळे माणूस दाखवायचा तर त्याच्या आजूबाजूचं सगळं गोळा करावं लागतं.

ते तिकीट म्हणजे १५ ऑगस्ट १९६५चं, १५ पैशांचं. भारतीय एव्हरेस्ट मोहिमेच्या यशावर टपाल खात्याने तीन महिन्यांच्या आत तिकीट काढलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. छपाई अर्थातच आपल्या नाशिकच्या प्रेसची, फोटोग्रॅव्हर, म्हणजे चित्र बारीक जाळीतून सिलिंडरवर कोरून छापायची पद्धत. भिंगाखाली धरलं की अक्षरांची कड सरळ दिसत नाही, जाळीच्या बारीक चौकटींनी कुरतडल्यासारखी दिसते. या पानावर एक कोरं तिकीट, एक चौकडी (चार जोडतिकिटांचा तुकडा) आणि एफडीसी, म्हणजे पहिल्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट. चौकडीच्या मागच्या गोंदावर तपकिरी ठिपके आहेत, पण मुंबईच्या पावसाळ्यांतून इतकी वर्षं निभावलेल्या कागदाकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही. पुढची बाजू स्वच्छ आहे, म्हणून लावली.

त्याआधीच्या पानांवर १९५३ची दोन आण्यांची आणि चौदा आण्यांची जोडी आहे, हिलरी-तेनझिंगच्या चढाईनंतर निघालेली. त्यावेळी एव्हरेस्ट सर केला तो परदेशी मोहिमेने. १९६० आणि १९६२ अशा दोन भारतीय मोहिमा शिखराच्या अगदी जवळून परतल्या. १९६२ला शेवटच्या चमूत सोनम ग्यात्सो आणि हरी डांग यांच्याबरोबर कोहली स्वतः होते, शिखर जेमतेम चारशे फूट उरलं होतं आणि वाऱ्याने त्यांना मागे फिरवलं. हा माणूस नौदलातला अधिकारी. त्याआधीच, ६ मे १९६१ला, त्यांच्या नेतृत्वाखाली अन्नपूर्णा-३ (७,५५५ मीटर) पहिल्यांदा सर झालं होतं, आणि तिथे माथ्यावर पोचलेल्या तिघांत ते स्वतः होते.

१९६५चं पान मात्र मी दोनदा उकलून पुन्हा लावलं. २० मे ते २९ मे या काळात चार तुकड्यांत नऊ जण शिखरावर गेले: चीमा आणि नवांग गोम्बू, सोनम ग्यात्सो आणि सोनम वांग्याल, व्होरा आणि आंग कामी, शेवटी अहलुवालिया, रावत आणि फू दोरजी. गोम्बू तर १९६३मध्ये अमेरिकन मोहिमेबरोबर एकदा जाऊन आलेले, म्हणजे दोनदा एव्हरेस्ट गाठणारे पहिलेच. या यादीत नेत्याचं नाव नाही. एप्रिलच्या अखेरीस पहिला प्रयत्न हवामानाने हाणून पाडला, तेव्हा सगळ्यांना बेस कॅम्पवर उतरवून कोहली काही आठवडे थांबले. मला विचाराल तर मोहीम त्या थांबण्यानेच जिंकली. पण थांबणं तिकिटावर कसं दाखवणार? आकाशवाणीच्या हवामान-वार्तांचा आधार होता, म्हणून आकाशवाणीवरचं एखादं तिकीट बसवावं असा विचार आहे. ज्युरी भुवया उंचावेल, उंचावू दे.

नंदादेवीच्या पानासाठी १९८८च्या हिमशिखरांच्या संचातलं नंदादेवीचं तिकीट मिळालं. एव्हरेस्टवरून परतल्यावर त्याच वर्षीच्या शरदात कोहली अमेरिकन गिर्यारोहकांबरोबर तिथे गेले, चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवणारं यंत्र शिखरावर बसवायला. त्याला वीज पुरवणारा जनित्र प्लुटोनियमवर चालणारा. हिमवादळ आलं, सामान वरच्या तळावर बांधून ठेवून सगळे उतरले. १९६६च्या वसंतात जाऊन पाहतात तर ते जागेवर नव्हतं. बाहेर बातमी फुटली ती १९७८मध्ये, आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंना संसदेत निवेदन करावं लागलं. इतकं सगळं तीन ओळींच्या मजकुरात बसवायचं, कारण जास्त लिहिलं की गुण जातात.

नौदलाचं पान सगळ्यात कच्चं आहे. नौदल दिनाचं १९६८चं आयएनएस निलगिरीचं तिकीट माझ्याकडे आहे, माझगाव डॉकमध्ये बांधलेली युद्धनौका. पण तोवर कोहली प्रतिनियुक्तीवर भारत-तिबेट सीमा पोलीस दलात होते. कालक्रमाला धरून काही मिळेपर्यंत ते फक्त जागा राखून ठेवेल.

शेवटची दोन पानं उत्तरायुष्याची. एअर इंडियात त्यांनी हिमालयातल्या ट्रेकिंगचा जगभर प्रचार केला, आणि पुढे वाटांवर माजलेला कचरा पाहून १९८९मध्ये हिमालयन एन्व्हायर्नमेंट ट्रस्ट उभा करण्यात पुढाकार घेतला. गर्दी आणण्यात आपला हात होता हे त्यांना ठाऊक असणारच. या भागासाठी एअर इंडियाचं सत्तरच्या दशकातलं, मीटर फ्रँकिंग (तिकिटाऐवजी यंत्राने उमटवलेला टपाल-शिक्का) असलेलं पाकीट शोधतोय. चोरबाजारात मिळतात ती बहुतेक फाटकी.

जन्म ११ डिसेंबर १९३१, आताच्या पाकिस्तानातल्या हरिपूरचा. गेले २३ जून २०२५ला, १९६५च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या हीरकमहोत्सवानंतर महिन्याभराने. या तारखा पहिल्या पानावर, शीर्षकाखाली बारीक अक्षरांत.

कोणाकडे एअर इंडियाचं तसं पाकीट असेल तर कळवा. बदल्यात १९७३चं इंडियन माउंटेनीअरिंग फाउंडेशनचं तिकीट, कोरं, जादा आहे.