नरकात माणूस कायम जळत राहतो का?

बायबलवर बोलणं निघालं की हा प्रश्न येतोच, आणि बहुधा हळू आवाजात येतो: "देव प्रीती आहे म्हणता, मग तो माणसाला अनंतकाळ यातनेत ठेवेल, हे तुम्ही खरंच मानता?" विचारणाऱ्याच्या मनात सहसा कुणीतरी गेलेलं माणूस असतं. म्हणून आधी सरळ उत्तर देते. नाही, मी तसं मानत नाही. न्याय होईल आणि शिक्षाही होईल, हे मानते. पण त्या शिक्षेचा शेवट नाशात होतो, असं बायबल वाचून माझं मत झालं आहे.

माणसाचा आत्मा मुळातच अमर, हे आपण गृहीत धरून बसलेलो असतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, पहिल्या माणसाला म्हणजे आदामाला एदेन बागेबाहेर काढलं जातं ते नेमकं कशासाठी? त्यानं जीवनाच्या झाडाचं फळ खाऊन सदासर्वकाळ जगू नये म्हणून. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र सांगतं की अमरत्व एकट्या देवाला आहे. रोमकरांस पत्रात पापाचं वेतन मरण आहे आणि युगानुयुगाचं जीवन हे देवाचं दान. हे दान नाकारणाराही कायम जगणारच, फक्त यातनेत, असं म्हटलं तर या वचनांचं करायचं काय?

आता आग. मार्कच्या नवव्या अध्यायात येशू न मरणाऱ्या किड्याविषयी आणि न विझणाऱ्या अग्नीविषयी बोलतो. ते शब्द यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या अगदी शेवटच्या वचनातले आहेत, आणि तिथे लोकांना दिसतात ती प्रेतं. यहूदाच्या पत्रात सदोम आणि गमोरा या पापी नगरांना सार्वकालिक अग्नीची शिक्षा झालेली आहे. ती नगरं आज जळत नाहीत. पेत्राचं दुसरं पत्र म्हणतं, त्यांची राख झाली. आणि मत्तय 10:28 मध्ये येशू स्वतः सांगतो की आत्मा आणि शरीर या दोहोंचा नरकात नाश करायला जो समर्थ आहे, त्याची भीती बाळगा.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा मात्र कच्चा नाही, आणि तो मांडणारे निर्दय नाहीत. मत्तय 25:46 मध्ये शिक्षा आणि जीवन दोन्ही सार्वकालिक आहेत, एकाच वाक्यात. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकात हेच धरलं: जीवन कधी संपत नसेल, तर शिक्षाही संपत नाही. मला वाटतं, शिक्षेचा परिणाम कायमचा असतो. ऑगस्टीननेच लिहिलं आहे की मृत्युदंडाची मोजणी जीव जायला लागलेल्या वेळावर होत नाही, जिवंतांमधून कायमचं दूर होण्यावर होते. प्रकटीकरण 14:11 आणि 20:10 ही वचनं मला सर्वांत जड जातात. तिथे युगानुयुगाची पीडा स्पष्ट लिहिली आहे. तरी त्याच विसाव्या अध्यायात मरण आणि अधोलोक (मेलेल्यांचं ठिकाण) हेही अग्नीच्या सरोवरात टाकले जातात, आणि त्याला दुसरं मरण म्हटलं आहे. मरणाला पीडा कशी होईल? संपवण्याचंच ते चित्र आहे.

हे मत आजचं नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आर्नोबियस या ख्रिस्ती लेखकाने आत्मे नष्ट होण्याविषयी लिहिलं. 1988 मध्ये जॉन स्टॉट यांच्यासारख्या इव्हँजेलिकल (बायबलला अंतिम अधिकार मानणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहातल्या) इंग्लिश पाळकाने सावधपणे याच बाजूला कौल दिला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. कॅथलिक मंडळीची शिकवण मात्र आजही सार्वकालिक नरकाचीच आहे.

"मग क्रूर माणूस स्वस्तात सुटला," असं कुणी म्हणतं. नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात धन्याची इच्छा जाणूनही न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके आहेत, नकळत चुकणाऱ्याला थोडे. शिक्षेला माप आहे. देव अनंत म्हणून त्याच्याविरुद्धच्या अपराधाची शिक्षाही अनंत, हा जुना युक्तिवाद मला पटत नाही, कारण थोडे फटके अनंतकाळ चालू शकत नाहीत.

आणि यातनेचं भय गेलं तर लोक देवाकडे वळतील कशाला, ही चिंता मला पाळकांकडूनही ऐकू येते. त्यांना मी प्रेषितांची कृत्ये हे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या कार्याचं पुस्तक पुन्हा वाचायला सांगते. पेत्राच्या किंवा पौलाच्या एकाही उपदेशात नरकयातनांचं वर्णन नाही. न्यायाचा दिवस आहे, पुनरुत्थान आहे, पापांची क्षमा आहे, आणि तेवढ्यावर यरुशलेमेत एका दिवसात सुमारे तीन हजार माणसांनी बाप्तिस्मा घेतला.